लेकीला किरण, मृणाल की राही? मुलामुलींना सारखेच चालणारे नाव निवडताना आणि लिहिताना

मुलग्यांनाही ठेवले जाणारे नाव आपल्या मुलीला द्यावे, असे ठरवणारे आईवडील आता नाशिकमध्ये पुष्कळ भेटतात. नाव ऐकताच लोकांनी मुलीविषयी मत बनवून टाकू नये असे कोणाला वाटते, कोणाला आजोबांच्या नावाची आठवण ठेवायची असते, तर कोणाला त्या नावाचा नुसता उच्चारच आवडलेला असतो. कारण कोणतेही असले तरी अशा नावासाठी बारशाआधी थोडा जास्त विचार करावा लागतो. बहुतेक नावांवरून मुलगा की मुलगी हे आपोआप कळते; या नावांवरून ते कळत नाही, आणि म्हणून ते कागदावर दुसऱ्या रकान्यात बिनचूक लिहिलेले असावे लागते. शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर, म्हणजे दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंदवही, लिहिण्याचे काम मी बराच काळ केले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत ठाम झाले आहे: नाव आधी देवनागरीत पक्के करावे, रोमन स्पेलिंग त्यामागून ठरवावे, आणि दोन्ही रूपे जन्माच्या नोंदीत पहिल्याच वेळी बरोबर जातील याची काळजी घ्यावी. पुढील पायऱ्या याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: नाव खरोखर सामाईक आहे का, हे तपासावे

मुलामुलींना चालणारी म्हणून जी नावे सुचवली जातात, ती सगळी एका जातीची नसतात, आणि हा फरक सुरुवातीलाच समजून घेतला तर पुढचा बराच घोळ टळतो.

काही नावे खरोखरच दोघांची आहेत. किरण बेदी आणि क्रिकेटपटू किरण मोरे, समाजवादी नेत्या मृणाल गोरे आणि चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन, लेखिका कमल देसाई आणि अभिनेते कमल हासन ही उदाहरणे सर्वांना ठाऊक आहेत. आचार्य अत्रे यांनी आपल्या कन्येचे नाव शिरीष ठेवले आणि त्या पुढे कवयित्री शिरीष पै म्हणून ओळखल्या गेल्या. शिरीष कणेकर हे लेखकही मराठी वाचकाला तितकेच परिचित आहेत. म्हणजे ही पद्धत परक्या देशातून आलेली नाही, महाराष्ट्रातील घरांनी ती पूर्वीच स्वीकारली होती, आणि घरातील ज्येष्ठांना समजावताना हे उदाहरण फार उपयोगी पडते. या गटातील अनेक नावे फुले, पाणी, शुभ गोष्टी यांच्यासाठी असलेल्या नपुंसकलिंगी शब्दांवरून आली आहेत: कमल, कुमुद, सरोज, अमृत, मंगल. मूळ शब्दच ना पुल्लिंगी ना स्त्रीलिंगी असल्यामुळे तो दोघांच्याही नावात सहज बसतो. नवे नाव शोधणाऱ्यांनी शब्दकोशात याच वाटेने शोध घ्यावा, असे मी सुचवीन. 1840 पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात मोठा शब्दकोश उघडून तासभर बसल्यास शब्दाचा अर्थ, लिंग आणि अचूक लेखन या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी कळतात. मोबाइलवर फिरणाऱ्या नावांच्या याद्यांमधील अर्थ मात्र शब्दकोशात पडताळल्याशिवाय खरे मानू नयेत.

दुसऱ्या गटातील नावे मराठीत दोन असतात आणि रोमन लिपीत एक होतात. अनन्य आणि अनन्या, आर्य आणि आर्या, आराध्य आणि आराध्या, काव्य आणि काव्या या जोड्यांमधील कानाच रोमन लिपीत दिसत नाही. असे नाव ठेवण्यास काहीच हरकत नाही, पण येथे नाव सामाईक नसून स्पेलिंग सामाईक आहे, हे आईवडिलांना माहीत असले पाहिजे. मुलीचे नाव आर्या ठेवले आणि कुठल्या तरी यंत्राने रोमनवरून देवनागरी बनवताना आर्य केले, तर मराठी कागदावर ते दुसऱ्याच व्यक्तीचे नाव होते.

तिसऱ्या गटात एका प्रांतात मुलाचे आणि दुसऱ्या प्रांतात मुलीचे मानले जाणारे नाव येते. ज्योती हे महाराष्ट्रात मुलीचे नाव आहे, तर ज्योती बसू पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. राही या नावाची गोष्ट तर आणखी सुंदर आहे. विठोबाच्या आरतीत रखुमाईच्या बरोबरीने जिचा उल्लेख येतो ती राही म्हणजे राधा, आणि हिंदी-उर्दूतील राही म्हणजे वाटसरू. कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिने 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि राही मासूम रझा हे हिंदीतील नामवंत लेखक होते. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकच्या वर्गावर्गांत उत्तर भारतीय, गुजराती आणि मराठी मुले शेजारी बसतात. तेथे आपल्या मुलीचे नाव इतरांच्या कानाला कसे लागेल, हे आधी शेजाऱ्यांना विचारून पाहावे.

अभय, विजय, तेजस यांसारखे केवळ मुलग्यांचे मानले जाणारे नाव मुलीला देणे हा वेगळा निर्णय आहे. तो घेण्याचा हक्क आईवडिलांना आहे, मात्र त्या मुलीला प्रत्येक नव्या ठिकाणी खुलासा करावा लागेल, हे गृहीत धरूनच तो घ्यावा. आजोबांचे नाव पुढे न्यायचे असेल तर मला दुसरा मार्ग अधिक आवडतो: शशिकांतवरून शशी, मधुकरवरून मधू, कमलाकरवरून कमल, अमृतरावांवरून अमृत. आजोबांचे नावही राहते आणि मुलीला तिचे स्वतःचे नावही मिळते.

दुसरी पायरी: नाव पूर्ण म्हणून पाहावे

नाव एकटे चांगले वाटते, पण कागदावर ते कधीच एकटे नसते. महाराष्ट्र शासनाच्या 2024 मधील निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. दुसऱ्या क्रमांकाचे नाव वडिलांचे समजण्याची आपली सवय फार जुनी असल्यामुळे, मुलीचे नाव राही आणि आईचे नाव सुमन किंवा किरण असेल, तर वाचणाऱ्याचा दुहेरी गोंधळ होतो. यावर उपाय म्हणजे चारही नावे वेगवेगळ्या रकान्यांत स्पष्ट लिहिणे. आईचे नाव पाहून मुलीचे नाव बदलण्याची गरज नाही. चारही नावे एका दमात मोठ्याने म्हणून पाहावीत आणि रोमनमध्ये लिहून त्यांची लांबीही पाहावी, कारण काही अर्जांत चौकोन मोजकेच असतात.

याच ठिकाणी 'कु.' या संक्षेपाविषयी सांगणे आवश्यक आहे. तो कुमार आणि कुमारी या दोन्ही शब्दांचा संक्षेप म्हणून वापरला जातो. नाव शालिनी असेल तेव्हा कोणाचे काही अडत नाही. नाव शिरीष असेल तेव्हा मात्र 'कु. शिरीष' वाचून काहीच कळत नाही. जेथे उपपद लिहिणे भाग आहे तेथे 'कुमारी' हा पूर्ण शब्द लिहावा, आणि नावाच्या रकान्यात तर कोणतेही उपपद लिहूच नये, कारण तेथे लिहिलेले प्रत्येक अक्षर नावाचा भाग समजले जाते.

पत्रिकेतील नक्षत्राचे अक्षर पाळायचे असेल तरी निवड फारशी अडत नाही. मृग नक्षत्राच्या 'की' अक्षरावर किरण, शततारकेच्या 'सू' अक्षरावर सुमन, चित्रेच्या 'रा' अक्षरावर राही ही नावे घेता येतात. अक्षर फारच अवघड आले तर नावरस नाव पत्रिकेपुरते ठेवून व्यवहारातील नाव वेगळे ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच; मात्र जन्मनोंदीत फक्त व्यवहाराचे नाव द्यावे.

तिसरी पायरी: देवनागरी लेखन पक्के करावे

मराठी घरात मराठी नाव लिहिताना चूक कशी होईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शाळेत येणाऱ्या अर्जांवर शिरिष, शिरीश, कुमूद, म्रुणाल, किरन अशी रूपे सर्रास दिसतात, आणि अर्जावर जे असते तेच रजिस्टरमध्ये उतरवणे लेखनिकाला भाग असते.

नियम थोडेच आहेत. 1962 मध्ये शासनाने मान्य केलेल्या मराठी लेखनाच्या नियमांनुसार संस्कृतातून आलेल्या शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार किंवा उकार मराठीत दीर्घ लिहितात आणि व्यक्तिनामांनाही हाच नियम लागू आहे. म्हणून शशी, मधू, इंदू ही मुलीच्या नावाची योग्य रूपे होत. तोच शब्द समासात पहिला आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो: शशिकला, मधुमालती, इंदुलेखा. आजोबांचे नाव शशिकांत आणि नातीचे नाव शशी असे दोन प्रकारे का लिहायचे, याचे उत्तर हे आहे.

दुसरा नियम शेवटून दुसऱ्या अक्षराचा. फूल, मूल, गरीब असे दीर्घ लिहिण्याची आपल्या हाताला सवय असते, त्यामुळे कुमुदचे नकळत कुमूद होते. परंतु संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले शब्द मुळाप्रमाणे लिहायचे असतात. म्हणून कुमुदमधील दोन्ही उकार ऱ्हस्व, आणि शिरीषमधील पहिला इकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, शेवटी पोटफोड्या ष. किरणमध्ये बाणाचा ण आहे, आणि मृणालमध्ये म ला ऋकार आहे, रफार नव्हे की रुकार नव्हे.

हे सर्व एका कोऱ्या चिठ्ठीवर उतरवावे. चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत सुवाच्य देवनागरी नाव, दुसऱ्या ओळीत रोमन मोठ्या अक्षरांतील नाव, तिसऱ्या ओळीत 'स्त्री' हा शब्द आणि चौथ्या ओळीत जन्मतारीख असावी. ही चिठ्ठी नाव ठरले त्याच दिवशी करावी, घरातील दोघा-तिघांनी वाचून पाहावी, मग तिचा मोबाइलवर फोटो काढून आत्या, मामा, आजी अशा सर्वांना पाठवावा. बारशाच्या वाटीवर आणि चमच्यावर भांडीबाजारात नाव घालून घेताना, सराफ बाजारात चांदीच्या पेल्यावर नाव कोरून घेताना आणि निमंत्रण छापताना तोंडी नाव सांगण्याऐवजी तीच चिठ्ठी पुढे करावी. भांड्यावर पडलेले कुमूद पुसता येत नाही, आणि तेच डोळ्यांसमोर राहिल्यामुळे पुढे घरातील माणसेही तसेच लिहू लागतात.

चौथी पायरी: रोमन स्पेलिंग एकच ठरवावे

रोमन लिपीला मराठीतील ण, ळ, ष, ऋ यांपैकी एकही अक्षर वेगळे दाखवता येत नाही, त्यामुळे शंभर टक्के बरोबर स्पेलिंग असे काही नसते. असते ते ठरवलेले आणि सगळीकडे सारखे वापरलेले स्पेलिंग. तरीही निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट उच्चाराची. ऋकाराचा उच्चार मराठी माणूस रुकडे झुकणारा करतो आणि हिंदी किंवा बंगाली माणूस रिकडे झुकणारा करतो. म्हणून मृणालचे स्पेलिंग महाराष्ट्रात एम-आर-यू-एन-ए-एल असे असते, तर उत्तरेत आणि बंगालमध्ये यू च्या जागी आय येतो. नाशिकच्या मुलीचे स्पेलिंग नाशिकच्या उच्चाराप्रमाणे ठेवावे, असे माझे मत आहे, कारण तिची हाक येथल्याच जिभेवर घडणार आहे. हाच विचार ज्ञ असलेल्या नावांना लागू होतो: मराठी उच्चाराप्रमाणे डी-एन-वाय लिहिलेले अक्षर महाराष्ट्राबाहेर नीट वाचले जात नाही, पण जे-एन लिहिले तर आपल्याकडे कोणी नीट वाचत नाही. ज्यांना हा पेच नको असेल त्यांनी किरण, राही, कमल, सुमन यांसारखे साध्या अक्षरांचे नाव घ्यावे. दोघांनाही चालणाऱ्या नावांमध्ये अशी सोपी नावे पुष्कळ आहेत, हे या गटाचे मोठे सुख आहे.

दुसरी गोष्ट जादा अक्षरांची. दोन ए, दोन आय, शेवटी एच अशी अक्षरे अंकशास्त्रासाठी किंवा नाव वेगळे दिसावे म्हणून घातली जातात. अंकशास्त्रावर विश्वास असणाऱ्यांचा मान राखूनही मला असे सांगावेसे वाटते की, ते जादा अक्षर मुलीला आयुष्यभर प्रत्येक खिडकीवर मोठ्याने उच्चारून सांगावे लागते. आर्या आणि आर्य यांसारख्या जोडीत मात्र शेवटी दोन ए लिहिण्याला अर्थ आहे, कारण तेथे ते अक्षर खरोखर फरक दाखवते. तसे करायचे असेल तर ते जन्मनोंदीपासूनच करावे, नंतर कुठेतरी मध्येच नाही.

पाचवी पायरी: जन्माची नोंद

जन्माची नोंद आपण राहतो तेथे होत नाही, बाळ जन्मले तेथे होते. पहिल्या बाळंतपणाला सून माहेरी गेली असेल तर हे विशेष लक्षात ठेवावे लागते. शहरात जन्म झाला असल्यास नाशिक महानगरपालिकेच्या संबंधित विभागाकडे नोंद जाते. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिक रोड, सातपूर आणि नवीन नाशिक हे महापालिकेचे सहा विभाग आहेत. देवळाली कॅम्पमध्ये कटक मंडळ (कँटोन्मेंट बोर्ड), सिन्नर, येवला किंवा मनमाडला नगरपरिषद, मालेगावला तेथील महानगरपालिका आणि खेड्यात ग्रामपंचायत ही नोंद करते.

जन्माची माहिती 21 दिवसांच्या आत द्यायची असते आणि रुग्णालयात जन्म झाला असल्यास ती रुग्णालयच कळवते. ही माहिती नमुना क्रमांक 1 मध्ये भरली जाते. तोपर्यंत नाव ठरले नसेल तर नावाचा रकाना कोरा ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे, आणि घाईघाईने काहीतरी लिहून देण्यापेक्षा कोरा ठेवणे केव्हाही चांगले. रुग्णालयाच्या कागदांवर 'बेबी ऑफ' लिहून आईचे नाव घातलेले असते; ते बाळाचे नाव म्हणून नोंदीत उतरू नये, एवढे मात्र पाहावे. नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. एवढी सवलत असली तरी बारसे झाल्यावर लगेच नाव घालणे शहाणपणाचे आहे. एकदा नाव नोंदवले की ते मनाप्रमाणे बदलता येत नाही. लेखनातील चूक पुराव्यानिशी दुरुस्त करून मिळते, पण तिला अर्ज, कागदपत्रे आणि हेलपाटे लागतात.

या काळजीला आता पूर्वीपेक्षा जास्त वजन आले आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 मध्ये सुधारणा झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या बालकांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, पासपोर्ट अशा अनेक कामांना जन्म दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरवण्यात आला आहे. दाखल्यावर जे रूप गेले तेच पुढे सर्वत्र जाणार.

अर्जासोबत आपली चिठ्ठी द्यावी, आणि दाखला छापण्यापूर्वी संगणकावरील नोंद दाखवण्याची विनंती करावी. बहुतेक ठिकाणी ती नाकारली जात नाही. पाहताना नावाच्या आधी लिंगाचा रकाना वाचावा. शिरीष किंवा किरण हे नाव टाइप करणाऱ्याच्या हातून सवयीने 'पुरुष' निवडले जाणे अगदी शक्य आहे, आणि नावावरून ही चूक पुढे कोणाच्या लक्षातही येत नाही. शालिनी नावाच्या मुलीच्या बाबतीत अशी चूक पहिल्याच खिडकीवर पकडली जाते. किरणच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. सुकन्या समृद्धी योजनेचे खाते किंवा 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना मिळणारा 'लेक लाडकी' योजनेचा लाभ घेताना हाच रकाना पाहिला जातो. यानंतर देवनागरी नाव, रोमन नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि तारीख या क्रमाने चिठ्ठीशी ताडून पाहावे, आणि तफावत आढळल्यास तेथेच लेखी सांगावे.

सहावी पायरी: आधार आणि शाळा

पाच वर्षांखालील मुलीचे बाल आधार जन्म दाखल्यावरून काढता येते. आधारवर नाव दोन लिप्यांत असते आणि संगणक रोमनवरून देवनागरी रूप स्वतः तयार करतो. राहीचे रही, मृणालचे म्रुनल, आर्याचे आर्य येथेच होते. केंद्रावरील कर्मचारी पडद्यावरील माहिती पालकांना दाखवतो तेव्हा बाळ रडत असले तरी, ते दुसऱ्याच्या कडेवर देऊन दोन्ही ओळी अक्षर अक्षर वाचाव्यात. देवनागरी ओळ हाताने दुरुस्त करता येते, ती करून घ्यावी. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळते, त्यामुळे त्यातील एक संधी अशा चुकीत घालवू नये.

शाळाप्रवेशाच्या वेळी जून महिन्यात वर्गाची हजेरी तयार होते आणि पुष्कळ शाळांत मुलांची व मुलींची नावे वेगवेगळी लावली जातात. सामाईक नावाची मुलगी मुलग्यांच्या यादीत गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून यादी पाहावी, आणि जनरल रजिस्टरमधील नोंद जन्म दाखल्याशी जुळते का, हे कार्यालयात विचारावे. दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत हेच नाव जाते आणि शाळा सोडल्यानंतर तेथील नोंद दुरुस्त करणे फार कठीण होते, म्हणून आठवी-नववीत पुन्हा एकदा पडताळणी करावी. मुलगी पाच वर्षांची झाली की आधारसाठी बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद द्यावी लागते, पंधराव्या वर्षी ती पुन्हा द्यावी लागते. या दोन्ही वेळी मिळणाऱ्या पावतीवरील दोन्ही लिप्यांतील नाव आणि लिंगाचा रकाना वाचल्याशिवाय केंद्र सोडू नये.